'नेट गेलंय' म्हणजे नेमकं काय गेलं? एसएनएमपीशी बोलताना

जुलैचा शेवटचा आठवडा डोळ्यांसमोर आणा. खरिपाच्या पीक विम्याची मुदत साधारण ३१ जुलैच्या आसपास संपते. इथे मिरजगावच्या पेठेत सेवा केंद्रावर सकाळपासून रांग आहे, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं सातबारा आणि पासबुक घेऊन आली आहेत, आणि केंद्रचालक आतून सांगतो, "नेट गेलंय."

या दोन शब्दांत किती तरी वेगवेगळे बिघाड लपलेले असू शकतात. केंद्रातला राउटर अडकला असेल. खांबावरच्या पेटीतला स्विच बंद पडला असेल. टॉवरखालची बॅटरी उतरली असेल. नगर-सोलापूर रस्त्याकडेला जेसीबीने खोदताना फायबर तोडली असेल. किंवा इथलं सगळं ठणठणीत असेल आणि कर्जतच्या किंवा नगरच्याही पुढे कुठे तरी बिघडलं असेल. या प्रत्येक ठिकाणचा माणूस वेगळा, त्याचा फोन नंबर वेगळा. दुरुस्ती बऱ्याचदा दहा मिनिटांची असते. आधीचे तीन तास कोणाला फोन करायचा हे ठरवण्यात जातात. आज आपण त्या तीन तासांबद्दल बोलणार आहोत.

यंत्रांची विचारपूस करायची एक ठरलेली भाषा आहे, तिचं नाव सिम्पल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल, म्हणजे एसएनएमपी. ऑगस्ट १९८८मध्ये जेफ्री केस, मार्क फेडोर, मार्टिन शॉफस्टॉल आणि जेम्स डेव्हिन या चौघांनी ती मांडली. गंमत म्हणजे तेव्हा ही तात्पुरती सोय होती. मोठी, भारदस्त अशी दुसरी व्यवस्था नंतर येणार होती. ती काही फार कुठे रुजली नाही, आणि तात्पुरती गोष्ट आजही राउटर, स्विच, यूपीएस, प्रिंटर सगळ्यांत बसलेली आहे. आपल्याकडेही तात्पुरते पूल असेच वर्षानुवर्षं चालतात, ते असो.

या भाषेचं मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे नेट-एसएनएमपी. त्याचं मूळ अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या केंद्रात वेस हार्डेकर यांनी ते वाढवलं, आणि २००० साली त्याला आजचं नाव मिळालं. ते फुकट आहे, आणि त्याचा कोड उघडा आहे. या दुसऱ्या गोष्टीचा उपयोग आपल्याला पुढे होईल.

रचना अशी की प्रत्येक यंत्रात एक एजंट बसलेला असतो. आपल्या संगणकावरचा मॅनेजर त्याला प्रश्न विचारतो, एजंट उत्तर देतो. प्रश्न यूडीपीच्या १६१ नंबरच्या पोर्टवर जातो. काय विचारायचं याचा पत्ता आकड्यांत असतो, त्याला ओआयडी म्हणतात. जमिनीचा पत्ता जसा जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर असा आत आत जातो, तसाच हा. १.३.६.१.२.१.१.३.० हा पत्ता म्हणजे 'तू किती वेळ चालू आहेस?' शेवटचं शून्य विसरायचं नाही बरं का. एसएनएमपीगेट या कमांडला तो पत्ता शून्याशिवाय दिला, तर 'नो सच इन्स्टन्स' असं उत्तर येतं. तो गट सांगून पोटहिस्सा न सांगण्यासारखा प्रकार आहे. आणि या आकड्यांची नावं, अर्थ, प्रकार ज्या फाइलींत लिहिलेले असतात त्या एमआयबी.

आता मुख्य गोष्टीकडे. एसएनएमपी शिकणाऱ्या प्रत्येकाच्या पडद्यावर पहिल्या दिवशी एकच ओळ येते: 'टाइमआउट: नो रिस्पॉन्स'. लोक याचा अर्थ 'यंत्र बंद आहे' असा लावतात. पण यूडीपीत पोचपावती नसते. आणि या भाषेच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत परवलीचा शब्द, ज्याला कम्युनिटी म्हणतात, तो चुकला तरी एजंट 'शब्द चुकला' असं सांगत नाही. तो गप्प बसतो. यंत्र जळालं तरी शांतता, वायर तुटली तरी शांतता, आपण 'public'ऐवजी दुसरं काही टाइप केलं तरी तीच शांतता.

म्हणून पायऱ्या उतरत जायचं. पहिलं म्हणजे एजंट ज्या यंत्रात आहे त्याच यंत्रावर बसून त्याला विचारा. तिथे उत्तर आलं आणि बाहेरून येत नसेल, तर एजंट जिवंत आहे, वाट अडलेली आहे. डेबियन किंवा उबंटूवर नेट-एसएनएमपी नुकतंच बसवलं असेल तर ते मुळात फक्त १२७.०.०.१वर, म्हणजे स्वतःच्याच घरात ऐकत असतं. एसएनएमपीडी.कॉन्फ या फाइलीत एजंटअ‍ॅड्रेसची ओळ बदलली की काम होतं. या एका ओळीपायी अख्खी दुपार गेलेली माणसं भरपूर भेटतात.

तरीही शांतताच असेल तर टीसीपीडम्प लावायचं. प्रश्नाचं पाकीट यंत्रापर्यंत पोचतंय का, आणि उत्तराचं निघतंय का, हे दोनच प्रश्न त्याला विचारायचे. पोचतच नसेल तर फायरवॉल किंवा रस्ता तपासा. पोचतंय पण उत्तर निघत नाही, तर कम्युनिटी किंवा परवानगी बघा. उत्तर निघतंय पण आपल्याला मिळत नाही, हा तिसरा प्रकार मजेशीर असतो. राउटरला दोन-चार आयपी पत्ते असतात. आपण एका पत्त्यावर विचारलं आणि त्याने दुसऱ्या पत्त्यावरून उत्तर पाठवलं, की मधली फायरवॉल म्हणते, "याला तर कोणी काही विचारलंच नव्हतं," आणि उत्तर फेकून देते.

कधी अर्धवट उत्तर येतं. एसएनएमपीवॉक चालवलं, यंत्राचं नाव, वर्णन, चालू असल्याचा वेळ एवढं आलं आणि पुढे काहीच नाही. हा बिघाड नसतो. मूळ मांडणीत एजंट अनोळखी माणसाला ओसरीपर्यंतच येऊ देतो. व्ह्यू नावाच्या ओळीत परवानगी वाढवली की आतल्या खोल्या दिसतात. कधी आकडे येतात पण नावं येत नाहीत. त्याचं कारण तांत्रिक नसून कायद्याचं आहे. एमआयबीच्या बऱ्याच फाइली इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजांतून आल्या आहेत, त्यांच्या वापराच्या अटी डेबियनच्या 'मुक्त'च्या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून त्या वेगळ्या पॅकेजमधून उतरवून घ्याव्या लागतात. मुक्त सॉफ्टवेअरची माणसं अशा बाबतीत भलतीच काटेकोर असतात. आम्हाला ते आवडतं, जरी त्या दिवशी वैताग येतो.

तिसरी आवृत्ती, जिचे दस्तऐवज डिसेंबर २००२मध्ये पक्के झाले, ती या बाबतीत बोलकी आहे. नाव चुकलं तर 'अननोन युजर नेम', पासवर्ड चुकला तर 'ऑथेंटिकेशन फेल्युअर' असं स्पष्ट सांगते. शिवाय पहिल्या दोन आवृत्त्यांत कम्युनिटी उघड्या अक्षरांत तारेवरून जाते, इथे तसं नाही. मग सगळे तीच का वापरत नाहीत? कारण तिची स्वतःची दुखणी आहेत. त्यातलं एक सांगतो, कारण ते आपल्याकडे फार होतं.

समजा एका रास्पबेरी पायवर सगळं नीट बसवलं. मग त्याच कार्डाच्या सहा प्रती काढून सहा टॉवरवर लावल्या. झटपट काम! आणि दुसऱ्या दिवसापासून कधी हा टॉवर उत्तर देतो, कधी तो, आणि मधूनमधून 'नॉट इन टाइम विंडो' अशी तक्रार येते. झालेलं असं असतं की तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक एजंटला एक कायमची ओळख असते, इंजिन आयडी. नेट-एसएनएमपी ती पहिल्यांदा सुरू होताना तयार करून स्वतःच्या साठवणीच्या फाइलीत लिहितं. प्रत काढली की सहाही यंत्रं एकाच आधार नंबरवर फिरतात. प्रत्येकाचं घड्याळ आणि किती वेळा सुरू झालो याचा आकडा वेगळा, मॅनेजरला वाटतं हे एकच यंत्र आहे, आणि १५० सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला की पाकीट नाकारलं जातं. उपाय असा: एजंट आधी बंद करा, साठवणीच्या फाइलीतून जुनी ओळख आणि वापरकर्त्याच्या ओळी काढा, वापरकर्ता नव्याने तयार करा, मग एजंट सुरू करा. आधी बंद करा हे मुद्दाम सांगतोय. चालू एजंट बंद होताना ती फाइल स्वतः पुन्हा लिहितो आणि आपण केलेला बदल पुसून टाकतो.

आता जरा थांबून एका आलेखाबद्दल बोलू, कारण गप्प बसणाऱ्या यंत्रापेक्षा खोटं बोलणारा आलेख जास्त नुकसान करतो.

गावातल्या एखाद्या केबलचालकाने वरच्या कंपनीकडून २०० एमबीपीएसची लाइन घेतली आहे असं धरू. संध्याकाळी सात ते दहा गिऱ्हाइकांची ओरड: व्हिडिओ अडकतो. चालक आलेख उघडतो, तर संध्याकाळी वापर ६५ एमबीपीएस. म्हणजे लाइन निम्मीही भरलेली नाही! तो गिऱ्हाइकाच्या घरचा राउटर बदलून देतो, पैसे जातात, ओरड तशीच. वरच्या कंपनीला फोन केला तर तेही हाच आलेख दाखवून म्हणणार, आमच्याकडे काही अडचण नाही.

हे ६५ कुठून आले? राउटर प्रत्येक पोर्टवरून किती बाइट गेले ते मोजत असतो, मोटारसायकलच्या किलोमीटरच्या काट्यासारखं. जुना मोजणी-आकडा ३२ बिटांचा आहे, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ झाले की पुन्हा शून्य. १९८८ साली हा आकडा अफाट होता. आज १०० एमबीपीएसला तो पावणेसहा मिनिटांत फिरून येतो, १ जीबीपीएसला ३४ सेकंदांत. आलेख काढणारं सॉफ्टवेअर बहुधा दर ५ मिनिटांनी विचारतं. त्या ५ मिनिटांत काटा एकदा शून्यावरून गेला, तर ते ओळखून दुरुस्त करता येतं. पण पूर्ण फेरा मारून आणखी पुढे गेला असेल, तर तो फेरा कोणालाच कळत नाही. ५ मिनिटांत पूर्ण फेरा होतो सुमारे ११४.५ एमबीपीएसला. म्हणजे खरा वापर १८० असेल तर त्यातून ११४.५ गायब, आलेखावर ६५.५. खरा वापर १२० असेल तर आलेखावर साडेपाच! लाइन जसजशी भरत जाते तसतशी ती आलेखावर अचानक रिकामी होते. संध्याकाळी बरोबर सात वाजता कडा तुटल्यासारखा खाली पडणारा आलेख दिसला, तर आधी हीच शंका घ्या.

यावर ६४ बिटांचा मोजणी-आकडा फार पूर्वीपासून उपलब्ध आहे. १.३.६.१.२.१.२.२.१.१०ऐवजी १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६ विचारायचं, नावात 'एचसी' म्हणजे हाय कपॅसिटी येतं. मात्र पहिल्या आवृत्तीत ६४ बिटांचा आकडा बोलताच येत नाही. मॅनेजरमध्ये यंत्र जोडताना आवृत्ती १ निवडली गेली असेल, तर राउटर नवाकोरा असूनही आलेख जुनाच खोटेपणा करत राहील. दुसरी किंवा तिसरी आवृत्ती निवडा. याच जातीचं एक छोटं भूत म्हणजे ४९७ दिवस. 'किती वेळ चालू आहे' हा आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागात आणि ३२ बिटांतच मोजला जातो, तो ४९७ दिवसांनी शून्य होतो, आणि पडदा सांगतो 'राउटर आत्ताच रीस्टार्ट झाला'. त्याने बिचाऱ्याने काही केलेलं नसतं.

ग्रामपंचायतीपर्यंत आलेल्या फायबरचंही सांगायला हवं. २०११मध्ये मंजूर झालेली आणि २०१५पासून भारतनेट म्हणून ओळखली जाणारी योजना देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींसाठी होती. तिची मूळ रचना अशी की तालुक्याच्या ठिकाणी ओएलटी नावाचं यंत्र, तिथून फायबर, आणि ग्रामपंचायतीत ओएनटीची छोटी पेटी. या पेटीची विचारपूस करायची तर तालुक्याच्या ओएलटीला विचारायचं, कारण सगळ्या पेट्यांची खबर त्याच्याकडे असते. पेटीची वीज गेली की ती विझता विझता वर एक निरोप पाठवते, त्याला 'डाइंग गॅस्प' म्हणतात, म्हणजे शेवटचा श्वास. फायबर तुटली तर असा निरोप येऊच शकत नाही, फक्त प्रकाश नाहीसा होतो. निरोप आला असेल तर ग्रामपंचायतीचं बटण किंवा महावितरण. निरोप नसेल तर फायबर जोडणारा माणूस. एवढ्या एका ओळीवर कर्जतहून कोणाला पाठवायचं ते ठरतं.

आता विकासाचा भाग. आपल्या टॉवरचा खरा शत्रू भारनियमन आणि उतरलेली बॅटरी. महागड्या यूपीएसला एसएनएमपी येतं, आपल्या साध्या इन्व्हर्टरला येत नाही. कोड उघडा असल्याचा उपयोग इथे. मुक्या बॅटरीला आपण बोलतं करू शकतो.

रास्पबेरी पायला थेट व्होल्टेज मोजता येत नाही, आणि त्याच्या पिनला ३.३ व्होल्टपेक्षा जास्त दिलं तर तो जातो. म्हणून दोन रोधक लावून व्होल्टेज विभागायचं, आणि एडीएस१११५सारखी छोटी मोजणीची चिप लावायची. ती वाचणारी दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट लिहायची. मग नेट-एसएनएमपीला सांगायचं की अमुक पत्ता कोणी विचारला तर ही स्क्रिप्ट चालव. याचे दोन सोपे मार्ग आहेत. एक्स्टेंड वापरलं तर स्क्रिप्ट जे छापेल ते मजकूर म्हणून जातं. पास वापरलं तर स्क्रिप्टने तीन ओळी छापायच्या: पत्ता, प्रकार, किंमत. आलेख काढायचा असेल तर पास बरा, कारण आकडा आकडा म्हणूनच जातो.

पत्ता कुठला घ्यायचा? 'चालेल कुठलाही' असं म्हणून दुसऱ्या कंपनीच्या हद्दीत घर बांधू नका. नेट-एसएनएमपीने स्वतःच्या ८०७२ या नंबराखाली खेळायला अंगण राखून ठेवलंय: १.३.६.१.४.१.८०७२.९९९९.९९९९. शिकताना तिथे खेळा. काम पक्कं झालं की आयएएनए या संस्थेकडे अर्ज करून स्वतःचा नंबर घ्या, त्याला पैसे पडत नाहीत.

इथे तीन ठिकाणी हमखास अडायला होतं. पहिलं म्हणजे या भाषेत दशांश चिन्ह नाही. १२.४ व्होल्ट पाठवता येत नाही, १२४०० मिलिव्होल्ट पाठवा, आणि एमआयबीत तसं लिहून ठेवा, नाही तर वर्षाने तुमचाच सहकारी बारा हजार व्होल्ट बघून घाबरेल. दुसरं, स्क्रिप्ट हाताने चालवली की चालते आणि एजंटकडून चालत नाही. कारण तुम्ही तुमच्या अधिकाराने चालवता, आणि डेबियनवर एजंट स्वतःच्या वेगळ्या, कमी अधिकाराच्या वापरकर्त्याने चालतो. त्याला आयटूसी गटात घातलं नाही तर चिप वाचता येत नाही. एजंट ज्या वापरकर्त्याने चालतो त्याच नावाने स्क्रिप्ट चालवून बघा, दोन मिनिटांत उलगडतं. यावर 'एजंटला रूटने चालवू' हा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका. तसंच लिहिण्याची परवानगी देणारी कम्युनिटीही ठेवू नका. ज्याला एक्स्टेंडच्या भागात लिहिता येतं त्याला तुमच्या यंत्रावर हवी ती कमांड चालवता येण्याचा धोका प्रत्यक्ष सापडलेला आहे.

तिसरं थोडं बारीक आहे. बॅटऱ्या बारा असतील तर वॉक करताना एजंट विचारतो, 'याच्या पुढचा पत्ता कोणता?' स्क्रिप्टने पत्ते मजकूर म्हणून लावले असतील तर क्रम होतो १, १०, ११, १२, २. मॅनेजर १२नंतर २ बघतो आणि 'ओआयडी नॉट इन्क्रीझिंग' म्हणून थांबतो. ही तपासणी बंद करायचा पर्याय आहे, पण तो वापरला तर वॉक गोल गोल फिरत बसू शकतो. क्रम आकड्यांप्रमाणे लावा.

याच वाटेने लोक पुढे गेले आहेत. चेन्नईकडची अ‍ॅडव्हेंटनेट १९९६मध्ये नेटवर्क-देखरेखीचीच साधनं घेऊन सुरू झाली होती. २००९पासून आपण तिला झोहो म्हणून ओळखतो.

शेवटी दोन प्रश्न आले आहेत ते घेऊ. पहिला: "एवढं सगळं करण्यापेक्षा पिंग लावून ठेवलं तर?" जरूर लावा, तो पहिलाच असावा. पण पिंग सांगतो की टॉवर गेला. बॅटरी ११.६वर आली आणि घसरतेय, हे तो आधी सांगत नाही, आणि जनरेटर घेऊन जायला लागणारा वेळ त्या 'आधी'तच असतो.

दुसरा प्रश्न: "बॅटरी उतरली की यंत्रानेच कळवावं, आपण का विचारत बसायचं?" तशी सोय आहे, ट्रॅप म्हणतात, १६२ नंबरच्या पोर्टवर येतो. पण तोही यूडीपीवरचा, एकदाच टाकलेला निरोप. ज्या लाइनची तक्रार करायची तिच्यावरूनच तो येणार. दुसऱ्या आवृत्तीपासून इन्फॉर्म आहे, तो पोचपावती मिळेपर्यंत काही वेळा पुन्हा पाठवतो. आमचा सल्ला: दर मिनिटाला विचारा, शिवाय इन्फॉर्मही लावा, आणि बॅटरीचा इशारा ११.५ला न ठेवता १२च्या आसपास ठेवा, म्हणजे निरोप निघेल तेव्हा लाइन अजून चालू असेल.